भंडारा जिल्ह्यातील हिवाळा व थंडीतील खंड

भंडारा जिल्ह्यातील हिवाळा हा साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकणारा, मुख्यतः कोरडा व थंड ऋतू आहे. महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील या धानउत्पादक जिल्ह्यात थंडी सलग नसते. काही दिवसांची कडक थंडी, मग ढगाळ व तुलनेने उबदार रात्री, क्वचित अवकाळी पाऊस किंवा गारपीट आणि त्यानंतर पुन्हा थंडी, असे चक्र एका हिवाळ्यात अनेकदा घडते. ऐन हिवाळ्यात थंडी ओसरण्याच्या या काळाला येथे 'थंडीतील खंड' म्हटले आहे. वृत्तपत्रांत तो 'थंडीला ब्रेक' किंवा 'थंडी ओसरली' अशा मथळ्यांनी नोंदवला जातो.

जिल्ह्याच्या शेतीला थंडीपेक्षा अनेकदा हा खंडच अधिक महागात पडतो. याच सुमारास कापलेले धान शेतात किंवा खरेदी केंद्रावर उघड्यावर असते, हरभरा व लाखोळी फुलोऱ्यात असते आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे कोवळे असतात. त्यामुळे येथील हिवाळी हवामान अंदाजाचा मुख्य उपयोग पारा किती उतरेल हे सांगण्याइतकाच तो केव्हा व का चढेल हे सांगण्यात आहे.

## भौगोलिक पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा नागपूर विभागात असून त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा, पूर्वेस गोंदिया, पश्चिमेस नागपूर आणि दक्षिणेस चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आहेत. वैनगंगा ही मुख्य नदी असून बावनथडी, सूर व चुलबंद या तिला मिळणाऱ्या नद्या आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच 'मामा तलाव', मोठ्या संख्येने असल्यामुळे हा भाग तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो.

हिवाळी हवामानावर जिल्ह्याच्या स्थानाचा प्रभाव तीन प्रकारे पडतो. पहिला म्हणजे समुद्रापासूनचे अंतर. बंगालच्या उपसागराचा किनारा येथून सुमारे साडेपाचशे किलोमीटर, तर अरबी समुद्राचा किनारा सातशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. समुद्राच्या सान्निध्यामुळे तापमानात येणारा समतोलपणा येथे आढळत नाही. त्यामुळे दिवस व रात्र यांच्या तापमानांत मोठा फरक पडतो. दुसरा म्हणजे उत्तरेकडील भूभाग. मध्य प्रदेशाच्या पठारावरून येणारे कोरडे व थंड वारे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरतात. तिसरा म्हणजे पूर्वेकडील ओलावा. बंगालचा उपसागर दूर असला तरी अरबी समुद्रापेक्षा जवळ आहे. वारे पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहू लागले की तेथील बाष्प छत्तीसगड ओलांडून पूर्व विदर्भापर्यंत पोहोचते.

## हिवाळ्याचा कालखंड व तापमान

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणात जानेवारी व फेब्रुवारी हे दोन महिने हिवाळ्याचे आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ मान्सूनोत्तर हंगामात धरला जातो. म्हणून डिसेंबरमध्ये पडलेला पाऊस सरकारी आकडेवारीत मान्सूनोत्तर पाऊस म्हणून नोंदवला जातो. लोकव्यवहारात मात्र दिवाळीनंतर हिवाळा सुरू झाल्याचे मानतात व डिसेंबर हा थंडीचाच महिना समजला जातो.

जिल्ह्यात वर्षभरात सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने हिवाळ्यातील पावसाचा वाटा अल्प असतो. या भागात डिसेंबर व जानेवारीमध्ये किमान तापमान सरासरीने १२ ते १४ अंश सेल्सिअस आणि कमाल तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास असते. म्हणजे निरभ्र दिवसांत दैनिक तापमानकक्षा १५ अंशांच्या घरात जाते.

थंडी पडण्याची क्रिया मुख्यतः रात्री घडते. दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. आकाश निरभ्र, हवा कोरडी व वारा मंद असल्यास ही उष्णता अडथळ्याविना निघून जाते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक थंड होते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्याने ती बांध्या, नदीकाठ व तलावांखालील सखल भागांत साचते. त्यामुळे एकाच गावात उंचवट्यावरील वस्ती व खोलगट शेत यांच्या पहाटेच्या तापमानांत जाणवण्याइतका फरक पडतो.

हवामान केंद्रावरील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र रात्री पिकाच्या पानांजवळचे तापमान या नोंदीपेक्षा काही अंशांनी कमी असू शकते. म्हणून केंद्रावर ३ किंवा ४ अंश नोंद झालेली असतानाही गवतावर किंवा भाजीपाल्यावर हिमकण दिसू शकतात.

## थंडीची लाट

बोलीभाषेत कडाक्याच्या कोणत्याही थंडीला 'थंडीची लाट' म्हटले जात असले, तरी हवामानशास्त्रात या संज्ञेला निश्चित निकष आहेत. मैदानी प्रदेशातील केंद्रावर किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असणे ही पहिली अट आहे. ती पूर्ण झाल्यावर सरासरीपासूनचे विचलन पाहिले जाते.

* किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असल्यास थंडीची लाट.
* ते सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक कमी असल्यास तीव्र थंडीची लाट.
* सरासरी काहीही असली तरी किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेल्यास थंडीची लाट, आणि २ अंश किंवा त्याखाली गेल्यास तीव्र थंडीची लाट.

एखाद्या ठिकाणची किमान तापमानाची सरासरी १३ अंश असेल, तर तेथे ८.५ अंशांपर्यंत किंवा त्याखाली पारा उतरल्यावर लाटेचा निकष पूर्ण होतो. विदर्भासारख्या हवामान उपविभागासाठी लाट जाहीर करताना ही स्थिती किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते.

'थंड दिवस' ही याहून वेगळी संज्ञा आहे. किमान तापमान १० अंश किंवा कमी असताना कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी राहिल्यास तो थंड दिवस मानला जातो. ढगांमुळे किंवा धुक्यामुळे दिवसा ऊन न पडल्यास अशी स्थिती निर्माण होते.

## थंडीतील खंड

### स्वरूप

युरोप व उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत ऐन हिवाळ्यात काही दिवस तापमान गोठणबिंदूच्या वर जाते आणि साचलेला बर्फ वितळतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात ही घटना 'जानेवारीतील बर्फवितळण' या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. भंडारा जिल्ह्यात बर्फ साचत नसल्याने वितळण्याचा प्रश्न येत नाही. परंतु हिवाळ्याच्या मध्यावर थंडीचा क्रम तुटणे हा प्रकार येथेही घडतो. मात्र येथे ऊब सहसा ढगांच्या आवरणामुळे येते आणि तिच्यामागून पाऊस येण्याची शक्यता असते.

ढग जमिनीकडून निघणारी उष्णता शोषून तिचा काही भाग पुन्हा जमिनीकडे पाठवतात. हवेतील बाष्पही हेच कार्य करते. परिणामी रात्रीचे तापमान वाढते. तेच ढग दिवसा ऊन अडवतात व कमाल तापमान घटवतात. त्यामुळे खंडाच्या काळात दैनिक तापमानकक्षा आक्रसते. रात्री पांघरूण नकोसे वाटते, पण दिवसभर गारवा जाणवतो.

### कारणे

थंडीत खंड पडण्याची दोन मुख्य कारणे आहेत.

पश्चिमी विक्षोभ : भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली उच्च स्तरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे भारताच्या वायव्य भागात येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांचा मुख्य प्रभाव हिमालयीन राज्यांत हिमवृष्टीच्या व उत्तर भारतात पावसाच्या रूपाने दिसतो. प्रणाली प्रबळ असल्यास किंवा तिच्याशी निगडित कमी दाबाची द्रोणिका दक्षिणेकडे खोलवर आल्यास मध्य भारतावरही परिणाम होतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे येत असतील, तर थंड कोरडे पश्चिमी वारे व उबदार ओलसर पूर्वेचे वारे यांचा संगम विदर्भ, छत्तीसगड व पूर्व मध्य प्रदेशाच्या परिसरात होतो. मेघगर्जना, पाऊस व गारपीट यांना ही स्थिती अनुकूल असते.

उपसागरातील चक्रीवादळे : नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात निर्माण झालेली चक्रीवादळे आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर येऊन विरतात, तेव्हा त्यांचे अवशेष व ढगांचे पट्टे पूर्व विदर्भापर्यंत येऊ शकतात. या प्रकारच्या खंडात गारपीट कमी, पण सलग ढगाळ हवा व रिपरिप पाऊस अधिक आढळतो.

### टप्पे

पश्चिमी विक्षोभामुळे पडणारा खंड बहुधा पुढील क्रमाने उलगडतो.

१. विक्षोभ वायव्य भारताजवळ येत असताना उत्तरेकडून येणारे वारे मंदावतात. भंडाऱ्यात आकाश अजून निरभ्र असते, परंतु किमान तापमान चढू लागते.
२. वाऱ्याची दिशा पूर्व किंवा आग्नेय होते. आर्द्रता वाढते व पहाटे दव अधिक पडते.
३. उंचावरील तंतुमय व पातळ पडद्यासारखे ढग येतात. रात्री चंद्राभोवती खळे दिसू शकते.
४. मध्यम व खालच्या स्तरांत ढग दाटतात. काही ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडतो. क्वचित गारा पडतात.
५. प्रणाली पूर्वेकडे सरकते व आकाश मोकळे होते. ओली जमीन, निरभ्र रात्र व मंद वारा यांमुळे पहाटे दाट धुके पडते. विदर्भात या धुक्याला 'धुवारी' असेही म्हणतात.
६. उत्तरेचे कोरडे वारे पूर्ववत होतात व तापमान झपाट्याने उतरते. हिवाळ्यातील कडाक्याची थंडी अनेकदा अशा खंडाच्या पाठोपाठच येते.

प्रत्येक वेळी सर्व टप्पे पूर्ण होतातच असे नाही. बाष्प पुरेसे नसल्यास चौथा टप्पा वगळला जातो. त्या वेळी खंड म्हणजे केवळ दोन-तीन उबदार रात्री ठरतात.

## उल्लेखनीय घटना

डिसेंबर २०१८ : या महिन्यात खंड व थंडी यांचा क्रम ठळकपणे दिसून आला. 'फेथाई' हे चक्रीवादळ १७ डिसेंबर २०१८ रोजी आंध्र प्रदेशाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात किनाऱ्यावर आले व त्याच्या प्रभावाने पूर्व विदर्भात ढगाळ हवा व पाऊस झाला. त्यानंतर आकाश मोकळे होऊन उत्तरेचे वारे वाहू लागले. २९ डिसेंबर रोजी शेजारच्या नागपूर येथे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदवले गेले. ही नागपूर केंद्रावरील तोपर्यंतची सर्वांत कमी नोंद होती. चक्रीवादळ व विक्रमी थंडी यांच्यात दोन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

फेब्रुवारी २०१८ : ११ ते १३ फेब्रुवारी या काळात मराठवाडा व विदर्भाच्या अनेक भागांत गारपीट होऊन रब्बी पिकांची मोठी हानी झाली. हिवाळ्याच्या अखेरीस दिवसाचे तापमान वाढलेले असते, तर उच्च स्तरातील हवा अद्याप थंड असते. या तफावतीमुळे हवा वेगाने वर चढते व गारा तयार होण्यास अनुकूलता लाभते. त्यामुळे फेब्रुवारी व मार्चमधील खंड डिसेंबरमधील खंडापेक्षा गारपिटीच्या दृष्टीने अधिक धोक्याचे असतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये लांबलेली महाराष्ट्रातील गारपीट हे त्याचे दुसरे उदाहरण होय.

डिसेंबर २०२१ : २८ डिसेंबर रोजी विदर्भाच्या अनेक भागांत पाऊस व गारपीट झाली. ऐन थंडीच्या महिन्यातही गारांचा धोका पूर्णतः नसतो असे नाही, हे यातून दिसून आले.

डिसेंबर २०२३ : 'मिचाँग' हे चक्रीवादळ ५ डिसेंबर रोजी आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्या अवशेषांमुळे पूर्व विदर्भात धानाच्या कापणी-मळणीच्या दिवसांत ढगाळ हवा व पाऊस झाला.

## शेतीवरील परिणाम

### खरीप धान

जिल्ह्यात हलक्या, म्हणजे कमी कालावधीच्या धानाची कापणी ऑक्टोबरमध्ये, तर जड जातींची कापणी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरपर्यंत होते. कापलेले धान प्रथम बांधीतच वाळण्यासाठी पसरून ठेवतात. त्याला 'कडपा' म्हणतात. वाळल्यावर पेंढ्या बांधून त्यांचे 'पुंजणे' रचले जाते व सवडीने मळणी केली जाते. कडपा भिजल्यास दाण्यांना अंकुर फुटतात किंवा ते काळपट पडतात. पुंजणे नीट रचलेले व झाकलेले असेल तर हलका पाऊस ते सहन करते, परंतु आत पाणी शिरल्यास धान तापते व कुजते.

मळणीनंतरही धोका संपत नाही. आधारभूत किंमत योजनेत धानातील ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. भिजलेले धान या मर्यादेपेक्षा ओले राहिल्यास ते पुन्हा वाळवावे लागते व विक्री लांबते. खरेदी केंद्रांवर गोदामाची जागा अपुरी असल्यास पोती उघड्यावर राहतात. अशा वेळी वर्षभराच्या उत्पन्नाचे भवितव्य एका रात्रीच्या पावसावर अवलंबून असते.

### रब्बी पिके

हरभरा, गहू, जवस, लाखोळी व भाजीपाला ही हिवाळ्यातील प्रमुख पिके आहेत. लाखोळी व जवस ही पिके बऱ्याच ठिकाणी 'उतेरा' पद्धतीने घेतली जातात. या पद्धतीत धान उभे असतानाच ओलसर बांधीत बी फेकतात व ते पीक जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर वाढते.

थंडी या पिकांना बहुतांशी हितकारक असते. गव्हाला फुटवे येण्यासाठी व दाणा भरण्यासाठी थंड रात्री आवश्यक असतात. उबदार रात्री लांबल्यास पीक लवकर पक्व होऊन दाणा बारीक राहतो. ढगाळ व दमट हवेत हरभऱ्यावर घाटेअळीचा, लाखोळीवर माव्याचा आणि गव्हावर तांबेऱ्याचा प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता असते. फुलोऱ्यात पाऊस झाल्यास फुले गळतात. गारा मात्र पिकाच्या अवस्थेचा विचार न करता थेट इजा करतात. आंब्याचा मोहोर व वाळत घातलेली मिरची यांनाही ढगाळ हवा व पाऊस यांचा फटका बसतो.

खंडातील प्रत्येक पाऊस हानिकारक नसतो. सिंचनाची सोय नसलेल्या उतेरा पिकाला वाढीच्या सुरुवातीच्या अवस्थेत मिळालेला हलका पाऊस उपयुक्त ठरतो. त्याच दिवशी शेजारच्या बांधीतील कडपा मात्र खराब होतो. म्हणून एकाच अंदाजाचा अर्थ पिकानुसार वेगळा लावावा लागतो.

### उन्हाळी धान

सिंचनाची सोय असलेल्या भागांत डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी धानाची रोपवाटिका टाकली जाते. स्थानिक भाषेत रोपांना 'पऱ्हे' म्हणतात. किमान तापमान १० अंशांच्या आसपास राहिल्यास उगवण मंदावते, पऱ्हे पिवळे पडतात व रोवणी लांबते. या पिकाच्या बाबतीत खंड नव्हे, तर थंडीच त्रासदायक असते. रात्री रोपवाटिका प्लास्टिकने झाकणे, सायंकाळी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे तुलनेने कोमट पाणी देणे व सकाळी थंड झालेले पाणी काढून टाकणे हे उपाय केले जातात.

## हवामान अंदाजाची व्यवस्था

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. शेतीच्या गरजांसाठी १९३२ मध्ये पुणे येथे कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्ते प्रसारित होऊ लागली.

भंडारा जिल्ह्यासाठीचे अंदाज व इशारे नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्राकडून दिले जातात. या केंद्राच्या कक्षेत विदर्भासह मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये येतात. नागपूर येथील डॉप्लर रडार भंडारा शहरापासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर असल्याने जिल्ह्यावरील पावसाचे व गारांचे ढग त्याच्या टप्प्यात येतात. २०१७ पासून राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. तापमान, आर्द्रता, पाऊस व वारा यांच्या नोंदी त्यांतून मिळतात.

कालावधीनुसार अंदाजांचे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* तात्कालिक अंदाज : पुढील सुमारे तीन तासांसाठी. रडार व उपग्रहचित्रांवर आधारित. गारपीट व विजांचा इशारा देण्यासाठी उपयुक्त.
* अल्प मुदतीचा अंदाज : तीन दिवसांपर्यंत.
* मध्यम मुदतीचा अंदाज : साधारणतः तीन ते दहा दिवसांपर्यंत. येणारा पश्चिमी विक्षोभ बहुधा याच टप्प्यात लक्षात येतो.
* विस्तारित अंदाज : चार आठवड्यांपर्यंत, दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा. आठवड्याची सरासरी स्थिती दर्शवतो.
* हंगामी अंदाज : डिसेंबर ते फेब्रुवारी या संपूर्ण काळातील तापमानाचा कल सांगणारा.

पुढील पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज व त्यावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी देण्याची पद्धत आहे. जिल्ह्यात साकोली येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र आहे. 'मेघदूत' या भ्रमणध्वनी अनुप्रयोगावर जिल्ह्याचा अंदाज व पीकसल्ला, तर 'दामिनी' या अनुप्रयोगावर विजांविषयीची सूचना मिळते.

## अंदाजाची भाषा

अंदाजातील शब्द सामान्य व्यवहारातील वाटले तरी त्यांना ठरावीक अर्थ असतात. पावसाचा विस्तार एखाद्या क्षेत्रातील किती केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे, यावरून सांगितला जातो.

* तुरळक ठिकाणी : २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर.
* काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के केंद्रांवर.
* अनेक ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर.
* बहुतेक ठिकाणी : ७५ टक्क्यांहून अधिक केंद्रांवर.

'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ पाऊस थोडा पडेल असा नसून तो थोड्या ठिकाणी पडेल असा आहे. ज्या गावात तो पडेल, तेथे जोरदारही असू शकतो.

इशाऱ्यांसाठी चार रंग वापरले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे, नारिंगी म्हणजे सज्ज राहावे व लाल म्हणजे तातडीने कृती करावी. रंग ठरवताना घटनेची तीव्रता व तिचा संभाव्य परिणाम या दोहोंचा विचार केला जातो.

'किमान तापमानात पुढील दोन दिवसांत २ ते ४ अंशांनी वाढ' हे वाक्य हिवाळ्यात दिलासादायक वाटते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ते वाऱ्याची दिशा, आर्द्रता व ढगांचे प्रमाण यांच्यासह वाचणे आवश्यक ठरते. वारे पूर्वेचे होऊन आर्द्रता वाढत असेल, तर तापमानातील वाढ ही पावसाची पूर्वसूचना असू शकते. वारे कोरडेच असतील, तर ती केवळ थंडी ओसरल्याची खूण होय.

किमान तापमान सकाळी साडेआठ वाजता नोंदवले जाते. पावसाची दैनिक नोंदही सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची असते. त्यामुळे रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली दिसतो. पंचनाम्यातील तारीख व हवामान नोंदीतील तारीख यांत तफावत आढळण्याचे हे एक कारण आहे.

## अंदाजाच्या मर्यादा

पश्चिमी विक्षोभ येणार हे उपग्रहचित्रे व संगणकीय प्रारूपे यांच्या साहाय्याने चार-पाच दिवस आधी सांगता येते. त्यातून पाऊस कोणत्या तालुक्यात पडेल हे सांगणे त्याहून अवघड असते. गारांचा पट्टा अनेकदा काही किलोमीटर रुंदीचाच असतो. म्हणून विशिष्ट गावातील गारपिटीविषयी विश्वसनीय सूचना फार तर काही तास आधीच मिळू शकते.

धुक्याचा अंदाजही असाच नाजूक असतो. दृश्यमानता १,००० मीटरांपेक्षा कमी झाल्यास धुके व २०० मीटरांपेक्षा कमी झाल्यास दाट धुके मानतात. वाऱ्याचा वेग थोडा वाढला किंवा पहाटे ढग आले तरी अपेक्षित धुके पडत नाही. याशिवाय जिल्हास्तरीय अंदाजात तापमानाचा एकच आकडा दिला जातो. तलावाकाठची सखल बांधी, जंगलालगतचे गाव व भंडारा शहर यांच्यातील फरक त्यात उमटत नाही.

लोकपरंपरेतील काही आडाखे या संदर्भात अर्थपूर्ण आहेत. चंद्राला खळे पडणे हे उंचावरील हिमकणांच्या पातळ ढगांचे लक्षण असून असे ढग विक्षोभाच्या आघाडीवर असतात. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटणे ही बाष्प येत असल्याची खूण होय. मात्र खळे पडूनही पाऊस न येणे हे वारंवार घडते. त्यामुळे असे संकेत अंदाजाला पूरक ठरतात, पर्याय ठरत नाहीत.

## सावधगिरी व नुकसानीची नोंद

पावसाचा इशारा असल्यास कापणी पुढे ढकलणे, कडपा गोळा करून उंच जागी पुंजणे रचणे, ताडपत्रीने झाकणे व फवारणी आणि सिंचन थांबवणे असे सल्ले दिले जातात. थंडीच्या लाटेच्या काळात सायंकाळी हलके सिंचन केल्यास जमिनीतील ऊब टिकून पिकाचे संरक्षण होते. कृषीपंपांना वीजपुरवठा रात्रीच्या पाळीत असल्यास शेतकऱ्यांना कडाक्याच्या थंडीत ओलित करावे लागते. अशा वेळी उबदार कपडे व शेकोटी यांचा आधार घेतला जातो. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा शेकोटी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू ओढवू शकतो.

गारपीट, थंडीची लाट व हिमदाह यांचा समावेश आपत्ती प्रतिसाद निधीतून मदतीस पात्र असलेल्या नैसर्गिक आपत्तींत होतो. २०१५ पासून या मदतीसाठी पीकहानीची किमान मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्के करण्यात आली. नुकसानीचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक संयुक्तपणे करतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, कापून शेतात वाळत ठेवलेल्या पिकाचे अवकाळी पाऊस किंवा गारपिटीने झालेले नुकसान कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत विचारात घेण्याची व त्याची सूचना ७२ तासांत देण्याची तरतूद आहे. ही तरतूद एखाद्या हंगामात लागू आहे किंवा नाही, हे त्या हंगामासाठी राज्य शासनाने स्वीकारलेल्या घटकांवर अवलंबून असते.